पिवळं, पण कुठलं?

‘ते पिवळं काय फुललंय?’ माघ सरत आला की हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटात कानावर पडतो. विचारणारा गाडीत असतो, झाड दरीपलीकडच्या उतारावर असतं आणि उत्तर देणारा बहुधा वळून न बघताच ‘बहावा’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडं रानात जे जे पिवळं फुलतं ते सगळं बहाव्याच्या खात्यावर जमा करायची रीत पडली आहे. बहावा देखणा आहे, शहरातल्या रस्त्यांवर भेटतो, त्याचं नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळं हे घडतं. पण फेब्रुवारीत तो फुललेला क्वचितच असतो. त्या महिन्यात कातळी उतारावर, एकही पान नसलेल्या वेड्यावाकड्या फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं दिसली, तर तो गणेर. त्याच सुमारास दाट रानात पायवाटेवर मखमली, पिवळी-तपकिरी फुलं सांडलेली दिसली, तर वर शिवण असणार. आणि कोकणातल्या एखाद्या टेकडीच्या अंगावर फिकट, हिरवट पिवळा थर चढलेला दिसला, तर ते झाडच नव्हे. उक्षीची वेल आहे.

ही पुस्तिका त्या एका प्रश्नासाठी लिहिली आहे. शिशिराच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत सह्याद्रीत, कोकणात आणि विदर्भातल्या पानगळीच्या रानांत जे पिवळं फुलतं, ते ओळखायचं कसं, एवढाच तिचा विषय.

‘रानफूल’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पायाशी, गवतात डोलणारं काहीतरी. शाळेत वर्डस्वर्थचे डॅफोडिल्स वाचलेल्या आपल्या पिढ्यांना तर वसंतातलं पिवळं फूल असंच भेटलं. इंग्लंडच्या रानाला ते चित्र लागूही पडतं. तिथं ओकला पालवी फुटेपर्यंत एप्रिल उलटायला येतो. तोवर ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं आणि मातीत ओलही असते. तेवढ्या काही आठवड्यांत प्रिमरोझ, लेसर सेलँडाइन, रानटी डॅफोडिल आपलं फुलणं उरकून घेतात. वरचं छत मिटलं की त्यांचा हंगाम संपला. आपल्या पानगळीच्या रानात गणित उलटं आहे. इथं मार्चमध्ये जमिनीवर ऊन रग्गड असतं, पण पाणी नसतं. सोनकी, कवला ही पावसाळी पिवळी मंडळी केव्हाच बी टाकून वाळलेली असतात. ओल उरते ती खोल, आणि तिथवर मुळं पोचतात ती झाडांची आणि जाडजूड रानवेलींची. त्यामुळं वसंतात फुलायची ऐपत उरते ती त्यांचीच. आपलं वासंतिक रानफूल डोक्यावर तीस-चाळीस फुटांवर असतं. रानफुलांच्या पुस्तकात झाडंच झाडं का, असं कुणी विचारील म्हणून हे आधीच सांगितलं.

फूल इतकं उंच असलं की हातात येतो तो फक्त रंग, आणि ओळख पटवायला रंगासारखा बेभरवशाचा साक्षीदार नाही. पळस केशरी, हे लहान मुलालाही माहीत असतं. पण पळसाच्या त्याच जातीची पिवळ्या फुलांची झाडं अधूनमधून आढळतात. काटेसावर लाल म्हणून प्रसिद्ध; तीही क्वचित पिवळी फुलते. डिकेमालीचं फूल उमलताना पांढरं असतं आणि उतरताना पिवळं होतं, म्हणजे एकाच झुडपावर सकाळी दोन रंग. वावळीला मार्चमध्ये पातळ, चपट्या, पोपटी फळांचे घोस लागतात आणि लांबून पाहणारा त्यांना फुलंच समजतो. उक्षीची तर कमालच आहे. तिच्या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण जे पिवळसर पाहतो ते निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचं हिरवं आवरण. पुढं तेच मोठं, कागदासारखं होतं आणि फळाला वाऱ्यावर नेतं. फुलातलं ‘पिवळं’ नेमकं कुठल्या भागाचं, हे विचारल्याशिवाय उक्षी कळत नाही.

रंगावर आणि नावावर भरवसा ठेवल्यानं झालेला एक घोटाळा इंग्रजांच्याच घरचा आहे. वर्डस्वर्थला डॅफोडिलपेक्षाही लेसर सेलँडाइन प्रिय होतं. त्यानं त्याच्यावर कविता लिहिल्या. ग्रासमीअरच्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिशिलेवर म्हणूनच सेलँडाइन कोरलं गेलं. पण ते ग्रेटर सेलँडाइन आहे, असं तिकडचे फूलवेडे आजही हसत सांगतात. दोन्ही पिवळी, दोन्ही वसंतातली, नावही जवळपास एकच. मात्र एक अफूच्या कुळातलं, त्याला चार पाकळ्या. दुसरं बटरकपच्या कुळातलं, त्याला आठ-दहा.

आपल्याकडचा घोटाळा याहून जुना आहे. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात वसंत अवेळी अवतरतो. तिथं कर्णिकाराला एवढा रंग देऊन गंध मात्र दिला नाही, याची कालिदासाला खंत वाटते. हा कर्णिकार कोण? कुणी कनकचंप्याकडं बोट दाखवलं, कुणी बहाव्याकडं. पण कनकचंप्याचं फूल चांगलं सुवासिक असतं. कवीची तक्रारच गंध नसल्याची असेल, तर तो लगेच बाद होतो. बहाव्याचा वास इतका पुसट असतो की नसल्यातच जमा. माझं मत बहाव्याच्या बाजूनं आहे आणि बहुतेक अभ्यासकांचा कलही तिकडंच दिसतो. मला गंमत वाटते ती वेगळीच. पाकळ्या किती, पानं कशी, याबद्दल कवी काही बोलत नाही. जाता जाता एक उणीव सांगतो आणि तीच पक्की खूण ठरते.

ओळख पटवण्यातली खरी अडचण मात्र वेगळी आहे. वसंतातलं झाड अर्धाच पुरावा देतं. वनस्पतींची जुनी चित्रं पाहा. केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं स्थानिक जाणकारांच्या मदतीनं ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला आणि बाराही खंड पुरे व्हायला १६९३ उजाडलं. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही त्या कामात होते आणि त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडातच आहे. त्याच खंडात ‘कोन्ना’ या नावानं बहावा भेटतो. या ग्रंथातल्या चित्रांची धाटणी अशी की एकाच फांदीवर पान, फूल, फळ शक्यतो सारं दाखवायचं. चित्रकाराचं ते कामच आहे. रान तसं वागत नाही. गणेर फुलतो तेव्हा पान नसतं. पान येतं तेव्हा फूल नसतं. करमळीचंही तेच. पुस्तक घेऊन झाडाखाली उभा राहिलेला माणूस पानाचा आकार शोधत राहतो आणि फांद्यांवर तर पानच नाही.

यावर उपाय आहे आणि तो जमिनीवर पडलेला असतो. गेल्या हंगामाचं वाळकं पान, फुटून रिकामं झालेलं बोंड, सालीचा तुकडा आणि सकाळी गळलेलं ताजं फूल, इतक्या गोष्टी बुंध्याभोवतीच्या दहा पावलांत बहुतेक वेळा सापडतात. वर पाहून शोधायचं आणि खाली पाहून ठरवायचं. पुस्तिकेतलं प्रत्येक टिपण त्यामुळंच गळलेल्या फुलापासून सुरू होतं. शेजारच्या झाडाचं पान वाऱ्यानं इकडं आलेलं असू शकतं, एवढं भान ठेवावं. एका पानावर निकाल देऊ नये.

फूल हाती आलं की पुंकेसर मोजायचे. लिनियसनं १७३५ मध्ये सगळ्या वनस्पतींची चोवीस वर्गांत वाटणी केली तेव्हा त्याचा मुख्य आधार हाच होता. शास्त्रज्ञांनी ती पद्धत पुढं सोडून दिली आणि ते योग्यच झालं, कारण केसरांची संख्या सारखी असलेली झाडं एकमेकांची नातलग असतातच असं नाही. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश (१९०१-१९०८) पाहिला तर तिथं मांडणी कुळांनुसार आहे; मार्सेलिन आल्मेडांच्या महाराष्ट्राच्या वनस्पतिकोशातही तसंच. अभ्यासकाला ते सोयीचं पडतं. पण ज्याला कूळच माहीत नाही त्यानं कुठलं पान उघडायचं? आपल्यासमोर हजारो जाती नाहीत. वसंतातली मोजकी पिवळी मंडळी आहेत. तेवढ्यापुरती लिनियसची टाकून दिलेली पद्धत अजूनही झकास चालते. चार केसर असतील तर शिवण. दहा असून त्यातले तीन इतरांपेक्षा खूप लांब आणि धनुष्यासारखे वाकलेले असतील तर बहावा. दहातले नऊ जोडलेले आणि एक सुटा, शिवाय एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी, तर तो पिवळ्या कपड्यातला पळस. पाकळ्याच नाहीत आणि केसर दहा, तर उक्षी. मोजता मोजता कंटाळा यावा इतके असतील तर गणेर किंवा करमळ.

या शेवटच्या दोघांपाशी थोडं थांबतो, कारण मला विचारलं तर वसंताचा मान बहाव्याआधी त्यांचा आहे.

गणेरला सोनसावरही म्हणतात. हे लहानखुरं, आडमुठं झाड चांगल्या मातीच्या फंदात पडत नाही. कोरड्या, खडकाळ उतारावर, सातपुड्याच्या टेकड्यांवर, विदर्भातल्या उजाड माळांच्या कडेला ते उभं असतं. साल जाड आणि खोल भेगांची. पान पंजासारखं, तीन ते पाच भागांत चिरलेलं. ते वाळून बुंध्याशी पडलेलं मिळतं. फुलाच्या पाकळ्या पाच, आणि मधोमध केसरांचा पिवळा झुबका. फळ पेरूएवढं, पाच शकलांनी फुटणारं. आत रेशमी कापसात गुंतलेल्या बिया. कापसामुळं काटेसावरीशी नातं असावं असं वाटतं. तसं ते नाही. दोघांची कुळं निराळी, आणि गणेरच्या खोडावर काटे नसतात. फळं ऐन उन्हाळ्यात फुटतात, वारा बिया नेतो आणि त्या पडतात तिथं थोड्याच दिवसांत पाऊस येतो. झाड पानं येण्याची वाट न पाहता फुलून का घेतं, याचं एक उत्तर या वेळापत्रकात आहे. दुसरं असं की निष्पर्ण फांदीवरचं फूल लांबून दिसतं, आणि त्याला दिसायचंच असतं.

करमळ दमट रानातली, उंच आणि सरळ. मार्च-एप्रिलमध्ये तिच्या जुन्या, गाठाळ फांद्यांवर थेट लाकडातून लांब देठांच्या पिवळ्या फुलांचे झुबके लोंबतात. फूल गणेरहून बरंच लहान, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं. गणेर आणि करमळ यांच्यात घोळ झालाच तर खालचं पान पाहावं. करमळीचं पान हातभर लांब असतं, कोवळ्या रोपांचं तर त्याहून मोठं, आणि मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना अगदी आखीव समांतर शिरा निघालेल्या असतात. असं पान आपल्या रानात दुसऱ्या फारशा झाडांना नाही. एक सावधगिरी: मोठा करमळ हे वेगळं झाड आहे, त्याचं फूल पांढरं, चांगलं थोरलं आणि पावसाळी. नावावरून जाऊ नये.

शिवणीबद्दल थोडक्यात. तिच्या पाकळ्या जुळून नळी झालेली असते आणि केसर त्या नळीलाच चिकटलेले, त्यामुळं फूल गळतं ते अख्खंच्या अख्खं. नवशिक्यानं शिवणीपासूनच सुरुवात करावी. हरणं, भेकरं ही फुलं आवडीनं खातात, तेव्हा उशीर केला तर वाटेवर काही उरत नाही. वैद्यकात ती गंभारी म्हणून दशमुळांपैकी एक, लाकूड हलकं आणि टिकाऊ. ही सारी माहिती आपापल्या जागी आहे, पण तिनं ओळखीला मदत होत नाही. बाकी झाडांच्या औषधी गुणांचीही इथं म्हणूनच चर्चा केलेली नाही.

इतकी सगळी पिवळीच का, हा प्रश्न सहज मनात येतो. उत्तराचा एक भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे, आणि तो पाहणारा माणूस नव्हे. मधमाशीला रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिशनं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिलं. तिला लाल जवळजवळ दिसत नाही. पिवळा, निळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. आपल्या वसंतातले लाल-केशरी, म्हणजे पळस, पांगारा, काटेसावर, हे प्रामुख्यानं पक्ष्यांना बोलावतात आणि त्यांच्यासाठी मुबलक मध ठेवतात. गणेर, बहावा हे पिवळे मधमाश्या-भुंग्यांचे. गणेरच्या फुलात मध नसतो. तिथं मिळतो तो पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून. मोठा काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग उडतो. बहाव्यातही त्याच भुंग्याची ये-जा. तिथं आखूड केसरांवरचा पराग तो खायला नेतो आणि लांब, वाकड्या केसरांतला त्याच्या नकळत अंगाला लागून दुसऱ्या फुलावर जातो. मोजायला सांगितलेल्या त्या तीन केसरांचं हे काम आहे. झाडाखाली उभं राहिल्यावर वरून घुमणारा आवाज येतो की चिवचिवाट, ही देखील ओळखीची एक बऱ्यापैकी खूण आहे.

आता काही अशा झाडांबद्दल, जी पुस्तिकेत मुद्दाम शेवटी आणि लहान टाइपात घेतली आहेत. सोनमोहर, काशीद, टबेबुया ही सगळी पिवळी, सगळी सुंदर, पण रस्त्याकडेला आणि बागांत माणसानं आणून लावलेली. टबेबुया दक्षिण अमेरिकेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन तुताऱ्यांसारख्या फुलांनी असा लगडतो की शहरी माणूस त्यालाच वसंत समजतो. सोनमोहराच्या फुलांचे तुरे वर उभे असतात आणि शेंगा तांबूस, चपट्या. बहाव्याचे घोस खाली लोंबतात आणि शेंग काळी, गोल दांड्यासारखी, हात-दीड हात लांब. काशिदाची शेंगही लांब, पण पट्टीसारखी चपटी. घाटरस्त्याच्या कडेला ओळीनं उभं असलेलं पिवळं झाड रानातलं नसून लावलेलं असण्याचीच शक्यता जास्त. ओळ हीच तिथं पहिली खूण.

पिवळ्या पळसाच्या टिपणात ठिकाण दिलेलं नाही, हे वाचकांच्या लक्षात येईल. ते जाणूनबुजून केलं आहे. हे झाड तंत्रमंत्रात, गुप्तधन शोधायला उपयोगी पडतं, अशा समजुतीपायी लोक त्याची मुळं खणतात, साल सोलतात, फुलं ओरबाडतात. असं झाड सापडलंच तर त्याचं छायाचित्र जरूर काढावं, पण गावाचं नाव आणि नकाशावरची खूण समाजमाध्यमांवर टाकू नये. वनखात्याच्या माणसाला सांगितलं तर पुरे.

फुलांबाबत दुसरी विनंती अशी की फांदी वाकवून तोडू नये. गळलेल्या फुलात जे दिसतं त्याहून फारसं जास्त तोडलेल्या फुलात दिसत नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांमधून तर काहीही उचलून नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं तिथं बंधन आहे. तिथं केसर जागेवर बसूनच मोजावेत. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात असलं की काम भागतं. अनोळखी फळं, शेंगा चाखून बघण्याचा मोह टाळावा. बहाव्याच्या शेंगेतला काळा, गोड गर कोल्हे-माकडं खातात हे खरं, पण तो जबर रेचक आहे.

या पुस्तिकेच्या मर्यादा सरळ आहेत. उन्हाळ्यात नदीकाठच्या ओलीत फुलणारी बारीकसारीक झुडपं इथं नाहीत. ती मला या मांडणीत बसवता आली नाहीत. मृगाच्या पहिल्या सरींनंतर पिवळा रंग जमिनीवर उतरू लागतो आणि काळ्या मुसळीच्या सहा टोकांच्या चांदण्या पाचोळ्यातून वर येतात. तिथपासून पुढच्या फुलांसाठी सह्याद्रीच्या पावसाळी फुलांवरची चांगली पुस्तकं आहेत आणि ती कंद, गवतं, सोनकी यांची ओळख माझ्याहून नीट करून देतात.

फुलण्याचे महिने टिपणांत दिले आहेत, ते सर्वसाधारण म्हणून वाचावेत. घाटावरचा आणि कोकणातला बहावा एका तारखेला फुलत नाही, आणि एका गावातली शेजारची दोन झाडंही कधीकधी आठवडा-आठवडा मागंपुढं होतात. बहावा फुलल्यावर ठरावीक दिवसांनी पाऊस येतो असं खेड्यापाड्यांत सांगतात. ते पडताळायचं तर वर्षानुवर्षांच्या तारखा हाताशी हव्यात, आणि त्या फारशा कुणाकडं नाहीत. केरळात बहावा विषूच्या सणाचं फूल आणि राज्यफूलही, त्यामुळं तो एप्रिलच्या मध्याआधीच फुलून गेला की लोकांच्या चटकन लक्षात येतं. आपल्याकडं गणेर किंवा करमळ पंधरवडा आधी फुलली तर ते कुणाच्या गावीही नसतं. सीझनवॉचसारख्या उपक्रमात नागरिक आपल्या ओळखीच्या झाडाला फुलं, फळं, पालवी कधी येते हे नियमित नोंदवतात. तिथं नोंदवा किंवा या पुस्तिकेच्या समासात लिहा. तारीख, गाव, उतार कुठल्या दिशेचा, झाडावर पानं होती की नव्हती, आणि केसर किती. जात तेव्हा ठरली नाही तर ती जागा मोकळी ठेवावी. फळ धरल्यावर पुन्हा त्याच झाडाखाली जाऊन भरता येते.